फादर डेमियन

प्रशांत महासागरात हवाई नावाचा द्वीपसमूह आहे. आज तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक राज्य असला, तरी एकोणिसाव्या शतकात बराच काळ तेथे स्थानिक राजघराण्याची सत्ता होती. या द्वीपसमूहात मोलोकाई नावाचे एक बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरून जमिनीची एक जीभ समुद्रात शिरलेली दिसते. तिच्या तीन बाजूंना सदैव खवळलेला समुद्र आहे आणि चौथ्या बाजूला सुमारे सहाशे मीटर उंचीचा तुटलेला कडा उभा आहे. ज्यांनी सह्याद्रीतील कोकणकडा पाहिला असेल, त्यांना या जागेची थोडीफार कल्पना येईल. खाली उतरायला अवघड पायवाट आणि बाहेर पडायला केवळ जहाज. तेही समुद्र शांत असेल तेव्हाच किनाऱ्याजवळ येणार. अशा जागेची निवड माणसांना राहण्यासाठी नव्हे, तर माणसांना दूर ठेवण्यासाठी झाली होती.

बाहेरच्या जगाशी संबंध वाढले, तसे हवाईत अनेक नवे रोग आले. देवी, गोवर, इन्फ्लुएन्झा यांनी बेटांवरील लोकसंख्या झपाट्याने घटली. त्यांतच कुष्ठरोगाची भर पडली. मराठीत पूर्वी या रोगाला महारोग म्हणत. त्यावर औषध नव्हते आणि त्याचे कारणही कोणाला ठाऊक नव्हते. रोग पसरेल या भीतीने १८६५ मध्ये, पाचव्या कामेहामेहा राजांच्या कारकिर्दीत, रुग्णांना समाजापासून वेगळे करण्याचा कायदा झाला. ६ जानेवारी १८६६ रोजी रुग्णांची पहिली तुकडी मोलोकाईच्या त्या भूशिरावर, कलावाओ या ठिकाणी उतरवण्यात आली. एकदा गेलेला माणूस परत येत नसे. घरच्यांनी निरोप देताना केलेला विलाप हाच जणू त्याचा अंत्यविधी असे.

सरकारची समजूत अशी होती की, रुग्ण तेथे शेती करतील आणि आपले पोट आपण भरतील. ती समजूत फोल ठरली. ज्यांच्या हातापायांची बोटे झडली आहेत, त्यांनी नांगर धरायचा कसा? अन्न जहाजाने येई, पण वादळी दिवसांत ते येत नसे. काही रुग्णांबरोबर त्यांचा नवरा, बायको किंवा आई स्वेच्छेने तेथे राहायला येई. अशा निरोगी सोबत्यांना हवाईच्या भाषेत कोकुआ म्हणत. त्यांच्याच आधारावर वस्ती कशीबशी तग धरून होती. पुढे अनेक चरित्रकारांनी कलावाओचे वर्णन केवळ अनाचाराची जागा असे केले. ते पूर्ण खरे नाही. तेथे दारू होती, मारामाऱ्या होत्या, दुबळ्यांची लूटही होती. पण पहिल्याच वर्षी प्रोटेस्टंट रुग्णांनी एकत्र येऊन आपली मंडळी स्थापन केली होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कॅथलिक रुग्णांसाठी १८७२ मध्ये संत फिलोमिना यांच्या नावाचे एक लहानसे लाकडी मंदिर उभे राहिले होते. मात्र तेथे राहणारा धर्मगुरू नव्हता. एखादा धर्मगुरू अधूनमधून येई आणि थोड्याच दिवसांत परत जाई. मधल्या काळात मरणाऱ्यांच्या उशाशी प्रार्थना म्हणायला कोणी नसे.

या वस्तीत जे पुढे सोळा वर्षे राहिले, त्या फादर डेमियन यांचे मूळ नाव योजेफ डे व्हूस्टर. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात झाला. घरची शेती होती आणि वडील धान्याचा व्यापार करीत. आठ भावंडांपैकी ते सातवे. अंगाने धट्टेकट्टे आणि शेतकामात व हातकामात तरबेज असलेल्या या मुलाने धंद्यात लक्ष घालावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु थोरला भाऊ ऑगस्त ज्या धर्मसंघात गेला होता, त्याच संघात योजेफ यांनीही १८५९ मध्ये लूव्हेन शहरी प्रवेश केला. शिक्षण बेताचे असल्यामुळे धर्मगुरू होण्याची त्यांची पात्रता आहे की नाही, याबद्दल आरंभी वरिष्ठांना शंका होती. थोरल्या भावाकडून लॅटिन शिकून त्यांनी ती शंका दूर केली. संघात थोरल्या भावाचे नाव पॅम्फिल आणि धाकट्याचे डेमियन झाले.

फादर पॅम्फिल यांची हवाई बेटांवर धर्मकार्यासाठी नेमणूक झाली होती. जहाजाची जागाही ठरली होती. तेवढ्यात ज्वराच्या साथीतील रुग्णांची सेवा करताना ते स्वतःच अंथरुणाला खिळले. त्यांच्या जागी आपल्याला पाठवावे, असे पत्र डेमियन यांनी स्थानिक वरिष्ठांना डावलून थेट पॅरिसला संघाच्या प्रमुखांना लिहिले आणि परवानगी मिळवली. नियम पाळणाऱ्या संघात ही गोष्ट धिटाईची होती. पुढे ज्या हट्टीपणाबद्दल त्यांना बोल लागले, त्याची ही पहिली खूण म्हणता येईल. जवळजवळ पाच महिन्यांच्या सागरप्रवासानंतर १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलू येथे पोहोचले आणि त्याच वर्षी २१ मे रोजी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतरची नऊ वर्षे त्यांनी हवाई या सर्वांत मोठ्या बेटावरील विस्तीर्ण प्रदेशात काढली. ज्वालामुखीच्या उतारांवरून घोड्यावर किंवा पायी फिरायचे, स्थानिक भाषा शिकायची आणि स्वतःच्या हातांनी लाकडी मंदिरे बांधायची, असे त्यांचे जीवन होते. याच मंडळीतील काही ओळखीचे चेहरे एकेक करून मोलोकाईला पाठवले जाताना त्यांनी पाहिले.

मे १८७३ च्या आरंभी माउई बेटावर एका नव्या मंदिराच्या अर्पणविधीसाठी बिशप मेग्रे आणि काही धर्मगुरू जमले होते. तेथे बिशपांनी कलावाओचा विषय काढला. तेथील कॅथलिकांना धर्मगुरूची गरज आहे. पण कोणालाही आज्ञा देऊन तेथे धाडणे त्यांना योग्य वाटत नव्हते. तेव्हा चार तरुण धर्मगुरूंनी आपण होऊन तयारी दाखवली. आळीपाळीने थोडा थोडा काळ राहावे, असे ठरले. पहिली पाळी डेमियन यांनी मागून घेतली. आपल्या ठिकाणी परत जाऊन सामान आणण्याइतकाही वेळ न घालवता ते बिशपांबरोबर जहाजात बसले. त्याच जहाजातून काही गुरे आणि वस्तीत धाडले जाणारे नवे रुग्णही चालले होते. १० मे १८७३ रोजी ते कलावाओला उतरले. त्या वेळी वस्तीत सहाशेंहून अधिक रुग्ण होते. बिशप परत गेले आणि तेहतीस वर्षांचे डेमियन तेथे राहिले. त्यांच्यासाठी घर नव्हते. मंदिराशेजारी केवड्याच्या जातीचे एक झाड होते, त्याच्या खाली त्यांनी आरंभीच्या रात्री काढल्या. आळीपाळीची योजना लवकरच मागे पडली. त्यांनीच तेथे कायम राहू देण्याची विनंती वरिष्ठांकडे केली आणि ती मान्य झाली.

धर्मगुरूची नेमून दिलेली कामे ठरलेली असतात. मिस्सा म्हणजे उपासनेचा मुख्य विधी करणे, पापनिवेदन ऐकणे, बाप्तिस्मा देणे, विवाह लावणे, मरणोन्मुख माणसाला पवित्र तेल लावणे आणि मृताला मूठमाती देणे. वरिष्ठांनी डेमियन यांना सावधगिरीची सूचना दिली होती. रुग्णांना स्पर्श करू नये आणि त्यांच्या घरी जेवू नये, असे त्या काळातील सर्वसाधारण मत होते. दूर उभे राहून नेमलेली कामे उरकता आली असती आणि त्याबद्दल कोणी त्यांना दोषही दिला नसता. परंतु कलावाओत पाऊल टाकताच त्यांच्या लक्षात आले की, येथे नेमलेले एकही काम नेमलेल्या मर्यादेत राहून होणार नाही.

तेल लावायचे, तर कपाळाला आणि तळहाताला हात लावावाच लागतो. ज्याचे तळहात आणि तळपाय म्हणजे एक जखमच झाली आहे, त्याला तेल कोठे लावायचे, असा प्रश्न त्यांना कित्येकदा पडे. पापनिवेदन ऐकायचे, तर घसा बसलेल्या रुग्णाच्या तोंडाजवळ कान न्यावा लागतो. त्या काळी जखमांवर पुरेसे उपचार नव्हते. त्यांचा दर्प इतका असह्य होई की, आरंभी एखाद्या झोपडीतून मध्येच उठून त्यांना बाहेर मोकळ्या हवेत यावे लागे. अंगाला आणि कपड्यांना चिकटलेला वास दडपण्यासाठी त्यांनी चिलीम ओढायला सुरुवात केली. हळूहळू मात्र ते सरावले. वस्तीतील लोक अळूच्या कंदाचा पोई नावाचा लगदा एकाच भांड्यातून बोटांनी खात. निमंत्रण आले की तेही त्याच भांड्यात हात घालत. घरी आलेल्या पाहुण्याने आपल्या ताटाला हात न लावणे हा हवाई लोकांत केवढा अपमान मानला जातो, हे त्यांना नऊ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. ज्यांना साऱ्या जगाने वाळीत टाकले, त्यांच्या धर्मगुरूनेही तेच करावे, हे त्यांना पटणे शक्य नव्हते. यात धोका होता आणि तो त्यांनी जाणूनबुजून पत्करला. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने पाहता काही खबरदारी घेऊनही ही सेवा करता आली असती, असे कोणी म्हणेल. पण तेव्हा ते ज्ञान नव्हते. समोर दोनच वाटा होत्या, दूर राहणे किंवा जवळ जाणे.

उपासनेला लोक कमी येत. त्याचे एक कारण श्रद्धेशी निगडित नव्हते. रोगामुळे अनेकांच्या तोंडाला सतत लाळ सुटे आणि मंदिरात थुंकायचे कोठे, या संकोचाने ते दाराबाहेर घुटमळत. डेमियन यांनी करवत घेतली आणि मंदिराच्या लाकडी जमिनीला भोके पाडली. रुग्ण पानांची सुरळी करून आणू लागले आणि ती भोकात धरून थुंकू लागले. संकोच गेला आणि मंदिर भरू लागले. थोड्याच वर्षांत ते वाढवावे लागले. त्यांनी गायकवृंद उभा केला. बोटे झडलेले दोन वादक एका वाद्यावर शेजारी बसत आणि उरलेल्या बोटांनी दोघे मिळून सूर पुरे करीत. उपदेश करताना डेमियन रुग्णांना तुम्ही असे म्हणत नसत. मराठीत जसा आम्ही आणि आपण यांत भेद आहे, तसा हवाईच्या भाषेतही आहे. स्वतः निरोगी असतानाच, पहिल्या वर्षापासून, ते आपल्या बोलण्यात स्वतःला रुग्णांतच धरत असत. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे मुद्दाम कळवले होते.

सर्वांत जास्त काम मृत्यूचे होते. आठवड्यातून अनेकदा अंत्ययात्रा निघे. शवपेटीला पैसे पडत. ज्याच्यापाशी ते नसत, त्याला घोंगडीत गुंडाळून उथळ खड्ड्यात पुरले जाई आणि रात्री डुकरे व कुत्री तो खड्डा उकरत. डेमियन यांनी मंदिराजवळच्या जागेला कुंपण घातले आणि तेथे दफनभूमी केली. खड्डे ते स्वतः खणू लागले. पेट्याही स्वतःच्या हातांनी बनवू लागले आणि वर्षामागून वर्षे शेकडो पेट्या त्यांच्या हातून तयार झाल्या. पुढे त्यांनी वस्तीतील लोकांचे एक अंत्यविधी मंडळ स्थापन केले. मंडळाचे सभासद ढोलाच्या तालावर, ओळीने, मृताला पोहोचवायला जात. ज्याला जिवंतपणी कोणी विचारले नाही, त्याच्यामागे शेवटच्या वाटेवर तरी माणसे चालत. रुग्णांच्या लेखी या गोष्टीला केवढे मोल होते, हे निरोगी माणसाला चटकन कळणार नाही. आपले पुढे कसे होईल, या प्रश्नाचे उत्तर त्यांना रोज डोळ्यांसमोर मिळत होते.

पाण्याची कथा अशीच आहे. रुग्णांना दूरवरून, दुखऱ्या खांद्यांवर पाणी वाहून आणावे लागे. त्यामुळे आंघोळ करणे आणि जखमा धुणे दुर्मिळ झाले होते. डेमियन यांनी जवळच्या वायहानाऊ खोऱ्यात शोध घेतला, तेव्हा कड्याच्या पायथ्याशी खोल, कधीही न आटणारा डोह सापडला. त्यांनी आरोग्य मंडळाकडे नळांसाठी तगादा लावला. नळ आले, तेव्हा चालता येणाऱ्या रुग्णांना बरोबर घेऊन त्यांनी ते वस्तीपर्यंत टाकले. १८७४ मध्ये झालेल्या वादळात गवताने शाकारलेल्या कितीतरी झोपड्या भुईसपाट झाल्या. तेव्हा त्यांनी लाकडासाठी पुन्हा मंडळामागे लकडा लावला आणि जमिनीपासून उंच उचललेली, कोरडी, चुन्याने रंगवलेली घरे बांधायला घेतली. सुतारकाम येणारा धर्मगुरू त्या दिवसांत वस्तीला देवदूताहून उपयोगी वाटला असावा.

आईबाप मेलेली किंवा घरापासून तोडून आणलेली आजारी मुले वस्तीत उघड्यावर वाढत होती. मुलींना तर वाईट माणसांपासून धोका होता. डेमियन यांनी आपल्या घराजवळ मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी वसतिगृहे काढली. त्यांचे जेवणखाण, शिकवणे आणि लग्न जुळवणे ही सारी कामे त्यांनी अंगावर घेतली. कोणी दारू गाळून गोंधळ घातल्याची कुणकुण लागली, तर रात्री हातात काठी घेऊन ते तेथे हजर होत. लोक त्यांना आपल्या भाषेत कामिआनो म्हणत. त्यांचा धाक होता आणि त्यांच्यावर जीवही होता.

आपल्या मंडळीबाहेरच्या लोकांना त्यांनी वगळले नाही. औषधपाणी, घर किंवा शवपेटी देताना ते माणसाचा पंथ पाहत नसत. योनाताना नापेला नावाचे एक प्रतिष्ठित हवाई गृहस्थ मॉर्मन पंथाचे पुढारी होते. पत्नीला रोग झाल्यावर ते कोकुआ म्हणून तिच्यासोबत राहायला आले आणि आपल्या पंथाच्या लोकांची काळजी वाहू लागले. डेमियन आणि नापेला यांची मैत्री जमली. श्रद्धा वेगळ्या असूनही दोघांचे काम एकच होते. पुढे नापेला यांनाही रोग जडला आणि १८७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

या सेवेत स्वतः डेमियन यांच्या वाट्याला एकटेपणा आला. पहिल्याच वर्षी आरोग्य मंडळाने त्यांच्या ये-जा करण्यावर बंदी घातली. कॅथलिक धर्मगुरूलाही आपले पापनिवेदन दुसऱ्या धर्मगुरूपुढे करावे लागते. त्यासाठी त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले. पण जहाजाच्या कप्तानाने वरिष्ठांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांनाही वर येऊ दिले नाही. तेव्हा लहान होडीत उभे राहून, वर कठड्याशी उभ्या असलेल्या वरिष्ठांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, त्यांनी फ्रेंच भाषेतून आपले पापनिवेदन केले. जे गुपचूप कानात सांगायचे, ते त्यांना सर्वांसमक्ष ओरडून सांगावे लागले. बंदी पुढे सैल झाली, परंतु सोबतीचा प्रश्न सुटला नाही. मधल्या काळात सहायक म्हणून आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे पटले नाही. दोष सगळा समोरच्यांचा होता, असे म्हणता येणार नाही. डेमियन तापट होते. एखादी गोष्ट मनात आली की ती लगेच झाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. होनोलुलूतील वरिष्ठ त्यांच्या सततच्या मागण्यांना कंटाळत. वस्तीसाठी परदेशातून त्यांच्या नावे देणग्या येऊ लागल्या, तेव्हा हा माणूस प्रसिद्धीच्या मागे लागला आहे, अशीही कुजबुज झाली. त्यांचे लाकूड, नळ आणि शवपेट्या हट्टाशिवाय मिळाल्या असत्या का, हा प्रश्न मात्र कुजबुजणाऱ्यांनी स्वतःला विचारला नाही.

१८८१ मध्ये कालाकाउआ राजे जगाच्या प्रवासाला गेले होते. या प्रवासात ते कलकत्ता आणि मुंबई येथेही आले होते. त्यांच्या गैरहजेरीत राज्यकारभार पाहणाऱ्या त्यांच्या भगिनी लिलिउओकलानी यांनी कलावाओला भेट दिली. समोर जमलेले रुग्ण पाहून त्यांना बोलवेना. परत गेल्यावर त्यांनी डेमियन यांना राज्याचा मोठा सन्मान दिला. त्यानंतर या दूरच्या वस्तीचे नाव युरोप आणि अमेरिकेत पसरू लागले.

१८८४ च्या डिसेंबरात, थकून आल्यावर त्यांनी पाय शेकण्यासाठी पाण्यात घातला. पाणी उकळते होते. कातडीवर फोड आले, पण वेदना झाली नाही. संवेदना जाणे म्हणजे काय, हे अकरा वर्षे रुग्णांमध्ये राहिलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी निदान पक्के केले. १८८६ मध्ये मायदेशी त्यांच्या आईचे निधन झाले. त्याच वर्षी उपचारासाठी ते काही दिवस होनोलुलूच्या रुग्णालयात गेले. वरिष्ठांना त्यांचे येणे पसंत नव्हते. तेथे सेवा करणाऱ्या धर्मभगिनींच्या प्रमुख मदर मेरियन कोप यांनी मात्र त्यांचे आस्थेने स्वागत केले. आठवडाभरातच ते कलावाओला परतले आणि आधीपेक्षा अधिक वेगाने कामाला लागले. आता एकच चिंता त्यांना पोखरत होती. ती आपल्यामागे मुलांचे आणि मंडळीचे काय होईल, ही होती.

आयुष्याच्या अखेरीस हे उत्तर मिळाले. जुलै १८८६ मध्ये जोसेफ डटन नावाचे एक अमेरिकन माजी सैनिक आपण होऊन कलावाओला आले आणि १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत रुग्णांच्याच सेवेत राहिले. १८८८ च्या मे महिन्यात फादर कॉनरार्डी आले. नोव्हेंबरात मदर मेरियन दोन भगिनींसह मोलोकाईला आल्या आणि मुलींची व्यवस्था त्यांनी हाती घेतली. तोवर डेमियन यांचा चेहरा ओळखू न येण्याइतका बदलला होता. बोटे गळत होती. तरीही वादळात कोसळलेला मंदिराचा मनोरा आणि नवे दगडी बांधकाम पुरे करण्यासाठी ते शिडीवर चढत. मार्च १८८९ मध्ये ते अंथरुणाला खिळले. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या झाडाखाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या, त्याच झाडाखाली त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पुरण्यात आले. पेटी खांद्यावर घेणारे रुग्णच होते.

मृत्यूनंतर वाद झाला. होनोलुलूच्या हाइड नावाच्या एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांनी एका पत्रात डेमियन यांच्या स्वच्छतेवर आणि चारित्र्यावर शिंतोडे उडवले. ते पत्र छापले गेले. डेमियन यांच्या मृत्यूनंतर लवकरच मोलोकाईला जाऊन आलेले प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्वतः प्रोटेस्टंट घराण्यातील होते. त्यांनी १८९० मध्ये त्याला जाहीर उत्तर लिहिले. डेमियन यांचे दोष त्यांनी लपवले नाहीत, परंतु आरामात बसून दुसऱ्याच्या सेवेची मोजमापे घेणाऱ्याला त्यांनी चांगलेच खडसावले. आजही तो वाद लोकांच्या लक्षात आहे तो त्या उत्तरामुळेच.

या घटनांचा भारताशीही संबंध आला. डेमियन यांच्या मृत्यूच्या वार्तेने हळहळलेल्या लोकांनी इंग्लंडमध्ये १८८९ साली कुष्ठरोग निधी उभारला आणि त्यातून १८९०-९१ मध्ये एक आयोग भारतात पाठवण्यात आला. हा रोग आनुवंशिक नाही, त्याचा संसर्गही फार मोठ्या प्रमाणावर होत नाही आणि रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. तरीही १८९८ मध्ये निराधार रुग्णांना डांबून ठेवण्याची सोय असलेला कायदा भारतात झालाच. तो २०१६ मध्ये रद्द करण्यात आला.

विलक्षण योगायोग असा की, ज्या १८७३ साली डेमियन कलावाओला उतरले, त्याच वर्षी नॉर्वेतील हॅन्सन या डॉक्टरांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. मात्र त्यावर परिणामकारक औषधे मिळायला १९४० चे दशक उजाडावे लागले. आज गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते, हेही आता सिद्ध झाले आहे. हवाईतील सक्तीचे विलगीकरण १९६९ मध्ये संपले. त्या शतकभरात सुमारे आठ हजार माणसे त्या भूशिरावर धाडली गेली होती. दारे उघडल्यावरही कित्येक वृद्ध रुग्णांनी तेथेच राहणे पसंत केले.

१९३६ मध्ये बेल्जियम सरकारच्या विनंतीवरून डेमियन यांचा देह कलावाओहून मायदेशी नेण्यात आला आणि लूव्हेन येथे ठेवण्यात आला. आपले कामिआनो आपल्यातून नेले, याचे वस्तीतील लोकांना फार वाईट वाटले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी रोम येथे त्यांना संतपद देण्यात आले. त्याआधी, १९९५ मध्ये, त्यांच्या उजव्या हाताच्या अस्थी बेल्जियमहून हवाईला परत पाठवल्या गेल्या आणि कलावाओला, संत फिलोमिना मंदिराशेजारच्या जुन्या कबरीत, पुन्हा पुरण्यात आल्या.